काळ्या मातीतलं लॉन आणि पाण्याचा निकास

इंदूरला सुदामा नगरात माझ्या मावशीचं घर आहे. घरापुढे लॉन, घराच्या भिंतीलगत तीस फूट आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत वीस फूट. कोपऱ्यात तुळशीवृंदावन, कुंपणाला लागून जास्वंद आणि मोगरा. दर पावसाळ्यात एक गोष्ट ठरलेली असायची. पाऊस थांबून तीन दिवस झालेले असत, ऊन पडून गल्ली कोरडी झालेली असे, तरी लॉनच्या मध्यावर पाय ठेवला की पचकन आवाज यायचा आणि पावलाच्या खळग्यात पाणी गोळा व्हायचं. गणपतीच्या दिवसांत दूर्वा खुडायला जावं तर काड्या पिवळ्या आणि मुळाशी कुजका वास. मग एका वर्षी पुढच्या खोलीच्या भिंतीला खालून फूटभर ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले, आणि मावशीचा फोन आला.

"अरे, दोन ट्रॉल्या माती टाकून घेऊ का? खड्डा भरून निघेल."

मी म्हटलं, "थांब. मी येतो. तोवर एक तगारीसुद्धा माती आत येऊ देऊ नकोस."

पाणी साचलं की माती आणून टाकायची, हा उपाय आपल्याकडे फार घाईने केला जातो. बहुतेक अंगणांत मातीचं प्रमाण ठीकच असतं. ती चुकीच्या जागी असते एवढंच. जिथे उंच हवं तिथे खोलगट, जिथे सखल हवं तिथे उंचवटा. हे दुरुस्त करण्याच्या कामाला ढाळ देणं म्हणतात. गच्चीला आपण ढाळ देतो तसाच अंगणाला द्यायचा. फरक एवढाच की गच्ची सिमेंटची असते, आणि इथे आपल्या हाताखाली माळव्याची काळी माती असते. तिचा स्वभाव कळल्याशिवाय कामाला हात घालू नये.

काळी माती पाणी का पीत नाही

माळव्याच्या मातीचं कौतुक म्हणींमध्ये आहे, "पग पग रोटी, डग डग नीर". गहू, हरभरा, सोयाबीन यांना ही माती मानवते कारण ती ओलावा धरून ठेवते. पण जी माती पाणी सोडत नाही, ती घेतेही फार हळू. या मातीत चिकणमातीचा वाटा मोठा असतो, आणि त्यातही मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण कागदाच्या गड्डीसारखे पापुद्र्यांचे असतात. पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं आणि गड्डी फुगते. वाळली की आकसते.

याचा परिणाम प्रत्येकाने पाहिलेला आहे. मे महिन्यात जमिनीला इतक्या भेगा पडतात की बोट सहज आत जातं. जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरसर आत उतरतो, आणि माणसाला वाटतं, आपली जमीन पाणी छान पिते! आठ-दहा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद होतं. त्यानंतरच्या पावसाला आत जायला जवळजवळ वाटच उरत नाही. म्हणून जूनमध्ये ठीक दिसणारं लॉन जुलैच्या शेवटी तळं होतं.

आकडे मांडले की चित्र स्वच्छ होतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मावशीचं लॉन 600 चौरस फूट, म्हणजे साधारण 56 चौरस मीटर. तासात 50 मिलिमीटरची सर आली तर लॉनवर 2,800 लिटर पाणी पडतं. चिकण मातीत पाणी मुरण्याचा वेग, ती एकदा भिजली की, तासाला 1 ते 5 मिलिमीटर धरतात. वरचा आकडा घेतला तरी त्या तासात 280 लिटर मुरलं. उरलेल्या अडीच हजार लिटरचं काय? ते वाहून गेलं पाहिजे, नाहीतर बसून राहणार.

हा हिशेब अजून अर्धाच झाला. मावशीची गच्ची हजार चौरस फुटांची, आणि तिचा पाइप सरळ लॉनच्या कोपऱ्यात सोडलेला होता. त्याच एका तासात गच्चीवरून आणखी 4,600 लिटरच्या वर पाणी. म्हणजे लॉनवर आकाशातून पडलं त्याच्या दीडपटीहून जास्त पाणी घरानेच ओतलं होतं. पुष्कळ अंगणांचा निम्म्याहून अधिक त्रास एवढ्या एका पाइपात असतो. तो लांबवून पाणी नालीपाशी किंवा टाकीत सोडलं, की मग जमिनीला खरोखर किती ढाळ लागतो ते कळतं. म्हणून पहिलं काम गच्चीच्या पाइपाचं. त्याला ना कुदळ लागते ना मजूर.

दुसरी एक शंका आधीच फेडून घ्यावी. एप्रिलमध्ये, पावसाचा थेंब नसताना, लॉनचा एखादाच तुकडा ओला आणि गर्द हिरवा दिसतो का? दिसत असेल तर ते पावसाचं पाणी नाही, नळाची लाइन गळते आहे. सत्तर किलोमीटरवरून, नदीकाठच्या जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी तिथे मातीत जात असतं. तिथे ढाळ देऊन काही होणार नाही. प्लंबर बोलवा.

पाऊस चालू असताना बाहेर जा

ढाळ कुठे चुकला आहे हे कोरड्या दिवशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन इंचांचा खोलगटपणा गवताखाली सहज लपतो. म्हणून जोराची सर चालू असताना छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे अडतं ते पाहायचं. शेजारच्या अंगणातून येतं का? गेटखालून रस्त्याचं पाणी आत शिरतं का? पाऊस थांबला की तासाभराने डबक्याच्या काठाने चुन्याची भुकटी टाकायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेल्या पाण्याच्या काठाने पुन्हा. हे फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी काम करायला घ्याल तेव्हा हाच तुमचा नकाशा असेल.

चोवीस तासांत पाणी ओसरत असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की फार मनाला लावून घेऊ नये. हरळी म्हणजे आपली दूर्वा चिवट असते, दिवसभराच्या पाण्याने ती मरत नाही. दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की मात्र मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि कुजतात. त्याहून जास्त राहिलं तर डासांची सोय होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, आणि डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं.

भिंतीशी पाणी साचणं हा याहून वेगळा आणि गंभीर प्रकार आहे. घराच्या एका बाजूची काळी माती भिजून फुगते, दुसऱ्या बाजूची कोरडीच राहते. पाया एकीकडून उचलला जातो, एकीकडून तसाच राहतो, आणि भिंतीत तिरप्या चिरा पडतात. या मातीचा हा गुण इतका त्रासदायक आहे की तिच्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खाली कंदासारखा फुगवटा असलेले खास पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, विकसित केले. जुन्या घरांना तसला पाया कुठला असायला! त्यांच्यासाठी पायाजवळ पाणी येऊ न देणं, हेच खरं संरक्षण.

आधी निकास, मग ढाळ

मावशीकडे काम करायला जे मिस्त्री आले, ते माळव्यातल्याच एका गावचे, पन्नाशी उलटलेले. मी त्यांना लॉन दाखवलं, कुठे किती उतार हवा ते सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबूजी, पहले निकास बताओ. ढाल तो मैं बना दूँगा."

या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. उतार देणं म्हणजे पाण्याला एका जागेवरून दुसरीकडे पाठवणं. दुसरी जागाच ठरलेली नसेल तर आपण डबकं मधून उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवतो. पाणी अंगणातून जिथून बाहेर पडणार ती जागा आधी शोधायची, तिची पातळी मोजायची, आणि तिथून उलटं मागे मागे येत घराच्या भिंतीपर्यंत हिशेब करायचा. निकासाची पातळी आपल्या हातात नसते. बाकी सगळ्या पातळ्या तिच्याशी जुळवून घ्याव्या लागतात.

मावशीच्या कुंपणाच्या भिंतीत, गेटजवळ, तळाशी एक भोक होतं. घर बांधलं तेव्हाचं. मोगऱ्याच्या वाफ्याची माती, वाळका पालापाचोळा, झाडलोट असं वर्षानुवर्षं कुंपणाशी जमत जाऊन ते पूर्ण बुजलेलं होतं. ते मोकळं केल्यावर पलीकडे गल्लीच्या कडेची पावसाळी नाली दिसली, आणि ती भोकापेक्षा खाली होती. हे मावशीचं भाग्य म्हणायचं. कारण जुन्या वस्त्यांत आता उलटंच चित्र दिसतं. डांबरावर डांबर, मग त्यावर सिमेंट, असा रस्ता दर काही वर्षांनी चढत गेला आणि अंगणं रस्त्याच्या खाली गेली. तशा घराचं काय करायचं, ते पुढे सांगतो.

निकास कुठे नसावा तेही बोललं पाहिजे. सांडपाण्याच्या चेंबरमध्ये पावसाचं पाणी सोडू नये. मोठ्या पावसात ती लाइन भरते आणि मैलापाणी उलटं आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या न्हाणीघरातून वर येतं. आणि शेजारच्या अंगणात तर कधीच नाही. आपल्या लॉनचा उतार शेजारच्या काकांच्या भिंतीवर जाऊन संपत असेल तर ते पाणी काढणं नव्हे, ढकलणं झालं. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना जाऊन, पाणी कुठे काढणार ते समजावून सांगून यावं. कित्येकदा त्यांचीही तीच अडचण निघते आणि दोघांच्या मध्ये एकच चर काढून भागतं.

किती उतार, आणि तो मोजायचा कसा

लॉनसाठी शंभराला दोन एवढा उतार चांगला, म्हणजे दहा फुटांना साधारण अडीच इंच. डोळ्याला हे सपाटच दिसतं, खुर्ची टाकून बसलं तरी जाणवत नाही, पण पाणी निघून जातं. शंभराला एक ही खालची मर्यादा समजा. त्याहून कमी ठेवला तर गवताच्या काड्या आणि जमिनीचे बारीक उंचसखल भागच पाण्याला अडवतात. वरच्या बाजूला, चार फुटांना एक फूट याहून तीव्र उतारावर गवत कापायचं यंत्र चालवणं अवघड आणि धोक्याचं होतं.

घराच्या भिंतीलगतचा भाग याला अपवाद आहे. तिथे उघडी माती असेल तर पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा. भिंतीलगत फरशीची किंवा काँक्रीटची पट्टी असेल तर तिला शंभराला दोन पुरतो, कारण त्यावरून पाणी लवकर घरंगळतं. काळ्या मातीत अशी तीनेक फुटांची पट्टी करून घ्यावीच, असं मी आग्रहाने सांगेन. आणि मातीची वरची पातळी घराच्या जोत्याच्या किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. जोत्यावर ओल अडवणारा जो थर असतो, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो मातीने गाडला गेला की त्याचं काम संपलं. मावशीच्या भिंतीला ओल का आली ते मला इथेच कळलं. काही वर्षांपूर्वी बगीचा करून देणाऱ्या एकाने भिंतीशी माती चढवून तिथे शोभेची झाडं लावली होती. माती त्या थराच्या वर गेली होती. झाडं सुंदर आली, आणि भिंत दर पावसाळ्यात ते पाणी पीत राहिली.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मिस्त्रीकडे असतो तो लेवल पाइप, म्हणजे बोटाएवढी जाड पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. नळी कितीही वाकडीतिकडी असो, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. फक्त आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढी एक काळजी. बुडबुडा राहिला तर सगळे आकडे खोटे. जोत्यावर खडूने एक आडवी रेघ मारायची. ती आपली कायमची खूण. नळीचं एक टोक त्या रेघेशी धरायचं आणि दुसरं अंगणात फिरवायचं. अंगणात पाच-पाच फुटांवर खुंट्या ठोकायच्या, आणि प्रत्येक खुंटीशी नळीतल्या पाण्यापासून जमिनीपर्यंत किती इंच, ते टेपने मोजून वहीत लिहायचं. आकडा जितका मोठा तितकी जमीन खाली. सुरुवातीला हे उलटं वाटतं, पण दहा खुंट्यांनंतर हात बसतो.

मावशीच्या वहीतले मुख्य आकडे असे होते. भिंतीजवळ जिथे पट्टीची कडा येणार होती तिथे 22 इंच. लॉनच्या मध्यावर 26. कुंपणाशी साडेचोवीस. गेटजवळच्या निकासाच्या तळाशी साडेतीस. या चार आकड्यांत सगळी कथा आहे. मध्य 26 आणि कुंपण साडेचोवीस, म्हणजे कुंपण मध्यापेक्षा दीड इंच उंच. भिंतीकडून आलेलं पाणी मध्यावर येऊन थांबणार, पुढे चढण आहे. आणि निकास मात्र कुंपणाच्याही सहा इंच खाली, नुसता वाट पाहत बसलेला.

मग उलटा हिशेब. भिंतीपासून कुंपणापर्यंत 20 फूट, शंभराला दोन धरला तर 4.8 इंच उतार हवा. म्हणजे कुंपणाशी, गेटपासून दूरच्या कोपऱ्यात, आकडा 26.8 यायला हवा. तिथून कुंपणाच्या कडेने गेटपर्यंत 30 फुटांचा उथळ चर, शंभराला एक उतार, म्हणजे आणखी 3.6 इंच. बेरीज 30.4. निकास 30.5 वर. बसलं! बाहेरून एक घमेलंही माती न आणता, कुंपणाशी जमलेला उंचवटा कापून तीच माती मधल्या खोलगट जागेत टाकायची, एवढंच काम निघालं. मधला भाग दीडेक इंच भरायचा होता आणि कुंपणाशी दूरच्या टोकाला सव्वादोन, गेटकडे सहा इंचांपर्यंत खोदायचं होतं. काही माती उलट उरलीच, ती मागच्या वाफ्यात गेली. मावशीने त्या दोन ट्रॉल्या मागवल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करून पाहा.

चर म्हणजे खोल नाली समजू नका. रुंद, उथळ, बशीसारखा आकार, दीड-दोन फूट रुंद आणि मध्यावर तीन-चार इंच खोल. त्यावरही गवतच उगवतं, मुलं त्यावरून धावतात, कोणाचा पाय मुरगळत नाही. लॉनमध्ये दगडी नाली काढण्यापेक्षा हा चर मला कितीतरी बरा वाटतो.

वापसा आल्यावरच कुदळ लावा

शेतकऱ्यांचा एक सुंदर शब्द आहे, वापसा. माती ना चिखल ना ढेकूळ, मुठीत दाबली की गोळा होते आणि बोटाने टोचली की फुटते, अशी अवस्था. काळ्या मातीत काम वापशावरच करायचं. ओली असताना तुडवली तर तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या दबून ती विटेसारखी होते, आणि ते नुकसान भरून यायला वर्षं लागतात. भर उन्हाळ्यात खणायला गेलं तर गेंती, म्हणजे टिकाव, उडते. पावसाळ्यात निरीक्षण, आणि होळीच्या सुमाराला, हलकं पाणी देऊन वापसा आणून काम, हे इंदूरच्या हवेला जुळतं. मग दीड-दोन महिने माती बसायला मिळतात, आणि उन्हाळा संपता संपता गवत लावलं की जूनच्या उत्तरार्धात येणारा पाऊस त्याला वाढवतो. ऐन पावसाच्या तोंडावर उघडी माती मात्र ठेवू नये. एका वादळी सरीत तुमचा सगळा ढाळ नालीत वाहून जाईल.

सुरुवातीला जमिनीखाली काय आहे ते जाणून घ्या. नळाची लाइन, गेटच्या दिव्याची केबल, चेंबरची झाकणं. झाड असेल तर त्याच्या बुंध्याशी माती चढवू नका. कडुनिंब असो की आंबा, अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात. त्यांच्यावर काळ्या मातीचे चार-सहा इंच चढले तरी झाड हळूहळू गुदमरतं आणि दोन-तीन वर्षांनी वाळतं, तेव्हा कोणाला कारणही आठवत नाही.

खोदताना वरची चार ते सहा इंच माती वेगळी काढून ढीग करायचा. तिच्यात सेंद्रिय अंश आणि जीव असतो. ढाळ खालच्या मातीला द्यायचा आणि मग ही वरची माती सगळीकडे सारखी पसरायची. खालच्या मातीला ढाळ न देता नुसत्या वरच्या मातीने आकार दिला, तर एकीकडे ती आठ इंच आणि एकीकडे दोन इंच होते. गवतही तसंच उगवतं, एकीकडे दाट आणि एकीकडे खुरटं. भरावाची माती तीन-चार इंचांच्या थरांनी टाकायची, प्रत्येक थर हलका दाबायचा आणि पाणी शिंपडून बसू द्यायचा. वरची माती पसरण्यापूर्वी खालचा पृष्ठभाग गेंतीने खरवडा, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळतील. गुळगुळीत थरावर दुसरी माती टाकली तर पाणी दोघांच्या सांध्यात अडकून बसतं.

याच कारणाने काळ्या मातीवर वाळूचा थर टाकू नये. सगळे सुचवतात, "थोडी रेती मिसळा, पाणी मुरेल." थोड्या रेतीने काही होत नाही. चिकणमाती रेतीच्या कणांभोवती बसते आणि मिश्रण अधिकच घट्ट होतं. काळी माती मोकळी करायची असेल तर उपाय एकच, कुजलेलं खत. इंच-दीड इंचाचा थर वरच्या चार-सहा इंच मातीत नीट मिसळा. आणि इंदूरकरांना तर याचा अभिमान वाटायला हवा. 1924 मध्ये इथे सुरू झालेल्या संस्थेत अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली माती थरांनी रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. आपल्या गावाच्या नावाचं खत आपल्याच अंगणात नसावं, हे मला खरंच लागतं.

काम हलकं असेल, म्हणजे इंचभराचेच खळगे असतील, तर खोदकाम करूच नका. खत मिसळलेली चाळलेली माती अर्धा-अर्धा इंच, गवताची पाती वर दिसत राहतील इतकीच टाकायची, गवत त्यातून वर आलं की पुन्हा. दोन-तीन महिन्यांत खळगा भरून येतो. दोन-तीन इंचांचा असेल तर खुरप्याने गवताचा थर मुळांसकट इंच-दीड इंच जाडीचा पट्टीपट्टीने सोडवा, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत ठेवा, खाली भरा आणि त्याच दिवशी परत बसवा. मावशीचं मधलं लॉन आम्ही असंच उचलून ठेवलं. कुंपणाकडे नवीन हरळीचे तुकडे चार-चार इंचांवर खोचले. ती पेरं टाकत पसरते, दिवाळीपर्यंत सगळं एकजीव झालं.

वरचा थर पसरल्यावर, गवत लावण्याआधी परीक्षा घ्या. मिस्त्रीचा लांब ॲल्युमिनियमचा पाटा जमिनीवर टेकवून फिरवा, खाली कुठे फट दिसते ते पाहा. मग भिंतीकडून पाण्याची नळी सोडा आणि उभे राहून बघा. जिथे पाणी थबकेल तिथे अजून हात फिरवायचा आहे. आमच्या मिस्त्रींनी ही परीक्षा तीनदा केली. मी म्हणालो, पुरे, तरी त्यांनी तिसऱ्यांदा केली.

रस्ताच वर असेल तर

आता ती अंगणं, जिथे निकासच नाही. अशा वेळी ढाळ घरापासून दूर, अंगणातल्या सर्वांत लांबच्या कोपऱ्याकडे द्यायचा आणि पाणी तिथे जिरवायचं. सरसकट सांगितलं जातं की शोषखड्डा करा. पण काळ्या मातीत खणलेला आणि काळ्या मातीतच संपणारा खड्डा म्हणजे नुसता हौद. पहिल्या पावसात भरतो आणि भरलेलाच राहतो. माळव्यात काळ्या मातीखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली झिजलेला काळा पाषाण असतो. खड्डा त्या मुरुमापर्यंत पोचला तरच पाणी जिरतं. माती किती जाड आहे ते प्रत्येक प्लॉटवर वेगळं, त्यामुळे आधी खणून पाहावं लागतं. आणि हा खड्डा पायापासून किमान दहा फूट दूर हवा.

जिरतं का नाही हे तपासायचं तर फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, ते उतरू द्या, आणि पुन्हा भरून तासाला पाणी किती खाली जातं ते मोजा. ही परीक्षा भेगा पडलेल्या मे महिन्यात घेऊ नका, खोटा आनंद होईल. पावसाळ्यात, माती फुगलेली असताना घ्या. तासाला इंचभर पाणी उतरलं तर त्या कोपऱ्यात उथळ खोलगट वाफा करून कर्दळ, अळू अशी ओल सोसणारी झाडं लावता येतील. अर्ध्या इंचाहून कमी उतरलं तर त्या मातीच्या भरवशावर राहू नका. गच्चीचं पाणी टाकीत घ्या, बागेला आणि धुण्याला वापरा, आणि उरलेल्यासाठी कोपऱ्यात छोटी टाकी बांधून पंपाने बाहेर काढा. पंपाचा उपाय मला मनापासून आवडत नाही, ऐन पावसात वीज जाते तेव्हाच त्याची गरज असते. पण काही घरांना दुसरा मार्ग उरलेला नसतो.

ढाळ दिला म्हणजे प्रत्येक पाऊस सांभाळला जाईल असंही नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंदूरवर एका दिवसात सुमारे दहा इंच पाऊस कोसळला, तेव्हा नाल्याच तुडुंब होत्या, पाणी जाणार कुठे! आपण अंगण करतो ते नेहमीच्या जोराच्या सरींसाठी. त्या दिवशीही पाणी घराकडे न येता कुंपणाकडे साचावं, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

पहिल्या पावसाळ्यानंतर भराव थोडा बसतोच. मावशीकडेही मध्यावर दोन ठिकाणी अर्धा-पाऊण इंच माती खाली गेली होती, ती दसऱ्यानंतर वरून माती टाकून सारखी केली. भिंतीशी चढवलेली माती काढून तिथे पट्टी केल्यावर ओल त्याच वर्षी चढायची थांबली, पण भिंत पुरती वाळायला पुढचा उन्हाळा लागला. रंग त्याच्याही नंतर दिला. निकासाच्या भोकाला आता जाळी आहे. रोहिणी नक्षत्र लागलं की मावशी ती जाळी काढून घासते, चरातला पाला झाडते आणि जोत्यावरची खडूची रेघ पुसट झाली असेल तर पुन्हा ओढून ठेवते.